गुडघेदुखीची गोळी

दवाखान्यातले किस्से असे, की एक सांगायला घ्यावा तर त्याला धरून दुसरा येतो. सत्तरच्या दशकात मी वाशीमला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. माझ्या निम्म्या किश्श्यांत एकच गोळी आहे, अॅस्पिरिन.

*

ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, असं मी पुडी बांधताना प्रत्येकाला बजावायचो. एक आजोबा दुसऱ्याच दिवशी पोट धरून आले.

"आधी काही खाल्लं होतं का?"

"खाल्लं ना. ठेचा. नुसताच."

*

किराणावाले जैन शेठजी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत आणि त्यांची कंबर दुखायची नेमकी रात्री! डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी जेवतानाच गोळी घेऊन टाका."

"दुखायच्या आधीच? अन् नाही दुखलं तर गोळी वाया गेली ना?"

"नाही दुखलं, म्हणजे लागू पडली."

शेठजींना हा व्यवहार काही पटला नाही.

*

अनसिंगचा गंगाराम रेल्वेत गँगमन. रुळांवर वाकून गुडघे गेलेले, म्हणून वर्षानुवर्षं रोज अॅस्पिरिन. त्याचे दोन्ही थोरले भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं चाळिशीतच गेले. हा पन्नाशी ओलांडून धडधाकट. पोटात जळजळ होते म्हणाला, तेव्हा डॉक्टर गोळी बंद करायला निघाले.

"माह्या भावायले गुडघेदुखी नोती," गंगाराम म्हणाला. "गोळीबी नोती. ते गेले. मी काहून राह्यलो?"

डॉक्टरांनी जाडजाड पुस्तकं चाळली. "कुठंच काही नाही. योगायोग असेल," म्हणाले. पण गोळी बंद न करता कमी केली.

*

मला मात्र नाद लागला. सांधेदुखीचा पेशंट आला, की मी त्याच्या भावांची चौकशी करायचो. किती आहेत, तब्येती कशा आहेत, काय घेतात. शेवटी एकानं विचारलंच, "कायले इचारून राह्यले? सोयरीक जमवाची हाय का?"

*

मग एका बाजाराच्या दिवशी गंगारामची बायको पारबताबाई आली. सोबत नुकतंच लग्न झालेला मुलगा.

"दोघायच्या गोळ्या द्या," ती म्हणाली. "बापाच्या अन् याच्या."

डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "तुझे गुडघे दुखतात?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग नाही देणार. या गोळीनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. फायदा होतो याला माझ्याकडे काही आधार नाही. याला नागपूरला नेऊन आतडं तपासून घ्या."

"नेऊ ना. पण त्याच्या काकायचंबी कायी दुखत नोतं, साहेब."

माझा हात बरणीच्या झाकणावर तसाच.

पारबताबाईनं मुलाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "मंग काय करू? याचे गुडघे दुखाची वाट पाहू?"