कोऱ्या कापडाचे पंख

मोहाडीच्या बाजारात मी भाजी घेऊन राहिली की कोणी ना कोणी विचारतेच, "काय शकुनबाई, तुमच्या भाऊजीचं विमान उडालं का?" आणि मग दात काढते. आधी मी तिथल्या तिथं शिव्या देत होती. आता वांगी निवडते अन् चूप राहते. पण आज एकदा सगळं सांगूनच टाकते. ज्याले हसायचं त्यानं मग खुशाल हसावं.

भाऊजी म्हणजे हेमराज, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. बहिणीचं नाव कौशल्या, मी तिले बाई म्हणते. आम्ही कोष्टी. दोन्ही घरी हातमाग. माझा माग कधीचाच बंद पडला, मी राइस मिलवर कामाले जाते. बाईनं मात्र माग सोडला नाही. अन् भाऊजीले विणकाम कधी जमलंच नाही. धागा तुटला तर गाठ मारायची सोडून तो मागाची लाकडंच खोलून पाहे, हे कशानं हलते, ते कशानं सरकते. त्याचा बाप डोक्यावर हात मारून घे. शेवटी गेला नागपूरले अन् विमान शिकवायच्या एका क्लबात झाडू माराले लागला.

तिथंच शिकला सगळं. आधी विमानं पुसली, मग चाकात हवा भरली, मग इंजिनाले हात लावू दिला त्याले. अन् चाळिशी उलटल्यावर, चार वेळा नापास होऊन, छोटं विमान उडवायचं लायसनही काढलं भैताडानं! पेढे घेऊन घरी आला तेव्हा बाई मागावर बसली होती. आमचे माग खड्ड्यातले. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, तोंडासमोर हातभर कापड. बाई म्हणाली, "मले एकदा वरून आपली मोहाडी दाखवा जी. लग्न झाल्यापासून या खड्ड्यातून मी हातभर कापडच पाहून राहिली." गमतीनंच म्हणाली होती. पण तो हसला नाही.

क्लबातले साहेब लोक त्याले म्हणत, "हेमराज, तुझं गाव हवेतून कितीसं दूर आहे? चल, एक चक्कर मारून येऊ." हा म्हणे, नंतर. दरवेळी नंतरच. काहून नंतर, ते कोणाले सांगितलं नाही.

पुढं तो क्लब बंद पडला. सामान विकायले निघालं, त्यात एक मोडकं विमान होतं. दोन सीटचं, ॲल्युमिनियमच्या पाइपांचं, पंखावर कापड असलेलं. ते कापडही फाटून लोंबून राहिलं होतं. भाऊजीनं ते घेतलं अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून मोहाडीले आणलं. अर्धं गाव मागं. कोणी तरी नारळ पण फोडला! घरात जागा कुठं? तर आपल्या बापाचा माग खोलून बाहेर काढला अन् त्या जागी पंख टांगले. मी दारात उभी राहून खूप बडबडली. म्हटलं, "बाई, याले काही तरी बोल. आज सासऱ्याचा माग काढला, उद्या तुले काढीन." बाई म्हणे, "त्या मागावर कोणी बसून राहिलं होतं काय?"

मग त्या विमानाची अशी सेवा सुरू झाली की विचारू नका. दर रविवारी अंगणात इंजिन चालू. आळीतल्या कोंबड्या छपरावर. प्लग काढून पुसायचा, तेल बदलायचं, बाईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून पेट्रोल गाळायचं. उंदरानं वायर कुरतडली तर हा दिवसभर जेवला नाही. स्वतःच्या गुडघ्याले त्यानं कधी तेल लावलं नसेल, पण इंजिनाच्या त्या लाकडी पंख्याले रोज लावे. उडवायचं कुठं, तेही ठरवून ठेवलं होतं. शेतात तर धानाच्या बांध्या, जागोजागी मातीचे धुरे. पण उन्हाळ्यात आमचा तलाव आटते अन् त्याचं पोट सपाट पडते, कोरडं ठणठणीत. बाकी सगळं झालं. अडलं ते कापडावर.

तयार कापड परदेशातून येते म्हणे. ते काय आमच्या आवाक्यातलं होतं? भाऊजी तोंड पाडून बसला होता. एवढं मात्र त्याले मालूम होतं की जुन्या काळी विमानाच्या पंखाले सुती कापडच लावत होते. ते ऐकलं अन् बाई खाटेवरून उठलीच. "कोष्ट्याच्या घरी कापडासाठी रडून राहिले? लाज नाही वाटत?"

आता इथं मले राग येते, तो आजही येते. कारण त्याच सुमारास भंडाऱ्याच्या डोळ्याच्या डॉक्टरनं बाईले काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरली ती जपा, माग बंद करा. पाइपातून पाहिल्यासारखं दिसे तिले, मधातलंच तेवढं. मी हात जोडले. भाऊजीनंही म्हटलं, राहू दे. तर बाई म्हणते, "नजर तशीही जाऊनच राहिली. जायच्या आधी मोहाडी पाहून घेते ना. विणलं नाही तर कशी पाहू?" त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट होती. बाईचे डोळे जायच्या आत विमान उडालं पाहिजे.

दीड वर्ष विणत होती. इतकं बारीक सूत, इतकं घट्ट कापड मी माझ्या जन्मात पाहिलं नाही. शेवटी शेवटी तिले धागा दिसत नव्हता, बोट फिरवून तुटलेला शोधे. कापड पुरं झालं तेव्हा तिनं घडीवर हळदकुंकू वाहिलं अन् भाऊजीच्या हातात दिलं. तो कापड हातात घेऊन उभा. म्हणाला, "अवं, क्लबात म्हणत की लावायच्या आधी कापड एकदम साफ पाहिजे. हे धुवावं लागीन काय?"

बाई अशी तापली! "कोरं कापड धुऊन लावता? आपल्या घरातून धुतलेलं कापड आजपर्यंत कोणाच्या अंगावर गेलं नाही. देवीले लुगडं नेसवतो ते काय धुऊन नेसवतो?"

कोष्ट्याची रीतच आहे ती. ताण्याच्या उभ्या धाग्यांले तांदळाची खळ लावायची, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. अन् विणून झालं की खळीसकट, कडक, कोरं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. धुतलं की ते जुनं झालं, शुभ कामाले चालत नाही. मले विचाराल तर कोणतीही कोष्टीण हेच बोलली असती. भाऊजी पण कोष्ट्याचाच पोट्टा. त्यानं मान हलवली अन् पंखावर कोरं कापड चढवलं.

त्यावर एक रंगासारखं औषध लावतात, डोप म्हणतात त्याले. नाक जळून जाते वासानं. भाऊजी एकावर एक हात देत गेला तसं कापड तणत गेलं. बोटानं वाजवलं तर ढोलकीसारखं वाजे. बाई पंखाजवळ बसून टिचकी मारे अन् हसे. मी पण हसली, खोटं कायले बोलू? तेव्हा पहिल्यांदा मले वाटलं, बापा, हे लेकाचं उडते वाटते!

पण उडवायची परवानगी पाहिजे. विमान खात्याचे साहेब येऊन तपासतील, मग. साहेबांची वाट पाहता पाहता पावसाळा लागला, तलाव भरला. पंख घरातच टांगलेले, ओल तर सगळीकडं. पावसाळाभर भाऊजी त्याखाली निखाऱ्याची घमेली ठेवून बसला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाई आता दारातून आत येताना चौकट चाचपून येऊन राहिली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर साहेब आले. चांगला माणूस होता, बिचाऱ्यानं चहा घेतला, बाईले नमस्कार केला. इंजिन पाहिलं, खूश झाला. नट-बोल्ट पाहिले, खूश झाला. मग पंखाखाली गेला अन् अंगठ्यानं कापड दाबलं. दाबलं तिथं डोपची चकती सुटून त्याच्या अंगठ्याले चिकटून आली. त्यानं कडेनं नख घातलं. पापडाचा पापुद्रा निघावा तसा हातभर थर निघाला. खाली कापडावर हिरवी-काळी बुरशी. वास आला तो तर मी डोळे मिटून ओळखला असता, शिळ्या पेजेचा.

साहेब हळूच म्हणाले, "हेमराजजी, कपड़ा लगाने से पहले धोया था?"

भाऊजीनं नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी समजावून सांगितलं. डोप धाग्याच्या आत मुरावं लागते, तेव्हा धरते. मधात खळ असली की ते वरवरच राहते. हवेत पंखावर जोर आला असता तर सगळं सोलून निघालं असतं, अन् दोघंही गेले असते. आता हे कापड काढा, नवीन लावा, मी पुन्हा येतो. साहेब खरंच बोलले. पण नवीन कापड विणायचं कोणी? अन् पाहायचं कोणी?

बाई खाटेवर बसून सगळं ऐकत होती. साहेबांची गाडी गेल्यावर म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं मले. धुवायचं काय म्हणून."

भाऊजी म्हणाला, "मले काय मालूम होतं?"

"पण विचारलं होतं." एवढंच बोलली. त्या दिवशी चूल पेटली नाही त्यांच्या घरी.

दुसऱ्या दिवशी तिनंच ब्लेड मागून घेतलं अन् चाचपडत आपल्या हातानं सगळं कापड पंखावरून उतरवलं. मी म्हटलं मी करते, तर मले हात लावू दिला नाही. भाऊजी अंगणात पाठ करून बसला होता. त्यानंतर त्यानं रविवारचं इंजिन चालू करणं बंद केलं. दाढी वाढली. मी डबा घेऊन जाई, तर तो जेवता जेवता थांबून जाई अन् तसाच बसून राही. मले तर आता तो दोरी घेऊन कुठं जाते काय, अशी धास्ती लागली होती. अन् बाईची नजर वैशाख लागेलागेपर्यंत संपली. उजेड अन् सावली, बस.

एका दिवशी उन्हं उतरल्यावर भाऊजी माझ्या दारात आला. "शकुन, थोडं ढकलाले येजो."

पाहते तर विमान रस्त्यावर काढलेलं. पंख नाहीत. नुसते पाइप, इंजिन, दोन सीटा, तीन चाकं. सोललेल्या बकऱ्यासारखं दिसे. अन् पुढच्या सीटवर बाई! कोशाचं रेशमी लुगडं नेसलेली, केस चापून बसवलेले. मी भडकली. "बाई, तू पण याच्यासंग येडी झाली काय?"

"चूप बस," बाई म्हणाली. "बसू दे मले."

ढकलत नेलं तलावाच्या पोटात. भाऊजी मागं बसला, इंजिन चालू केलं. किती तरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी. अन् सुटलं ते! धुराळा, धुराळा. पार दुसऱ्या काठापर्यंत, बाभळीपर्यंत गेलं अन् तिथं बंद पडलं. पदर खोचून पळत गेली मी.

जाऊन पाहते तर दोघंही तसेच बसलेले. बाईनं दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला होता, डोळे मिटलेले.

"जमीन सुटली नाही," ती म्हणाली.

"नाही," भाऊजी म्हणाला.

"ते मालूम आहे मले. सगळी ढेकळं लागली ढुंगणाले." मले हसू फुटलं. बाई पण हसली. मग म्हणाली, "बरं, आता सांगा. वरून कशी दिसते मोहाडी? तलाव केवढा दिसते? आपलं घर दिसते काय?"

भाऊजी हातानं पाइपावरची धूळ पुसाले लागला.

"सांगा ना. तुम्ही तर नागपुराहून किती वेळा उडले."

"मी नाही पाहिली," तो म्हणाला.

"काहून जी?"

"साहेब लोक चल म्हणत. मीच गेलो नाही. तुझ्यासंगच पाहू म्हटलं. म्हणून राखून ठेवली होती."

बाईनं पाइप सोडला. तोंड फिरवून, जिकडून त्याचा आवाज आला तिकडं पाहून ती ओरडली, "अहो, मग पाहून घ्यायची होती ना! दोघांतून एकानं तरी पाहाले पाहिजे होती!" अन् मग ती रडली. लग्नात रडली नव्हती, डॉक्टरसमोर रडली नव्हती, ती त्या ढेकळात बसून मोठ्यानं रडली.

इंजिन पुन्हा चालू झालं नाही. भाऊजीनं अन् मी ते ढकलत परत आणलं. बाई सीटवरच बसून होती, अंधारात तिले चालता आलं नसतं म्हणून.