फांदीपाशी बसवलेली जाळी

आमचे सर रुग्णाला आधी हात पुढे करायला सांगत. मग त्याचीच दोन बोटं हळूच फाकवून म्हणत, "तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला अशी फांदी फुटते. इतकी फाकलेली." नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात लोक त्यांना पाठीमागे 'बोटंवाले डॉक्टर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

मी नांदगावचा फॅमिली डॉक्टर. छातीत दुखणारे रुग्ण त्यांच्याकडे धाडायचो. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवून झाला की सरांचा फोन ठरलेला, आणि बोलणं फिरून फांदीवरच यायचं. "सरळ नळीत जाळीवर अस्तर लवकर धरतं हो. फांदीपाशी रक्ताची धार सगळीकडे सारखी लागत नाही. तिथं जाळी बरेच दिवस उघडी राहते, आणि उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी धरते." म्हणून अशा रुग्णाची रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही, हा हुकूम.

भिकाशेठ आमच्या गावचे कांद्याचे व्यापारी. त्यांचा स्टेंट फांदीपाशीच होता. वर्षभराने त्यांना दाढ काढायची होती. मी म्हटलं, "गोळी चालू असली तर रक्त लवकर थांबत नाही. बंद करायची का, ते सरांना विचारतो."

शेठ हसले. "म्हंजे तुम्हालाबी नाशिकला विचारावं लागतं? मग तुमच्याकडं येऊन काय उपेग?"

बाकावरचे रुग्णही हसले. मी गोळी बंद केली. त्याच आठवड्यात शेठच्या छातीत कळ आली आणि नाशिकच्या वाटेवर गाडीतच ते गेले.

त्यांचा मुलगा नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात होता. मला घेऊन तो सरांकडे गेला आणि टेबलावर हात आपटला. "जाळी वाकडी बसवली तुम्ही!"

सर वाद घालत बसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, गोळी चालू होती ना?"

"होती," मी म्हणालो.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर फांदीचे रुग्ण ते मुंबईला पाठवू लागले. मी कधीही गेलो की संगणकावर शेठच्या अँजिओग्राफीची सीडी लावलेली. "कोन नीट बघितला होता हो मी. बाजूच्या फांदीचं तोंड दबलं का? जाळी बसवताना फुगा कमी फुगवला? तुम्हाला काही दिसतं?"

"नाही, सर." एवढं मात्र खरं होतं.

गेल्या वर्षी सर वारले. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, एक केस सोडली तर सरांचा हात कधी चुकला नाही. मी पुढच्याच रांगेत होतो. मान डोलावली.

त्या केसमध्येही सरांचा हात चुकला नव्हता. गोळी मी बंद केली होती.