शेलूबाजारला नेलेले चेहरे

चैत्रात शेलूबाजारहून निरोप आला, माझी मावसबहीण अनुसया हिचा मुलगा तापाने गेला. मी भेटायला निघाले. कॉन्व्हेंटमधली माझी मैत्रीण मार्गारेट तेव्हा विलायतेहून आली होती. माणसांचे चेहरे आणि मनातले भाव यांचा ती अभ्यास करी. तिला खेड्यातल्या बायकांशी बोलायचे होते, म्हणून तीही बरोबर आली. एका डब्यातून खाल्लेली मैत्रीण, नाही म्हणवेना.

मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसावे लागते. ती फार रमतगमत जाते, तेव्हा फिरकीचा तांब्या आणि दशम्या जवळ असाव्यात. कारंजाला मुक्काम केला, सकाळी सर्व्हिस मोटार धरली. पुढच्या बाकाचे भाडे जास्त, पण धूळ कमी.

अनुसया दारातच हसली. परक्या पाहुण्यापुढे डोळ्यांत पाणी आणायचे नाही, ही त्या घरची रीत. भाकरी, वरण, ठेचा, सगळे तिने हसतमुखाने वाढले. मी तिला कुशीत घेऊन रडायला आले होते, आणि मार्गारेट ओसरीवरून हलेना.

जेवणानंतर मार्गारेटने विलायती नटनट्यांचे फोटो मांडले; कुणाच्या मनात काय आहे, ते चेहऱ्यावरून ओळखायचे होते. शेजारणी जमल्या. एक रागावलेला गोरा पाहून एकीने दुसरीला विचारले, तुया सासरा इकडं कवा आला? सगळ्या हसल्या, अनुसयाही. मग एका हसऱ्या बाईचा फोटो तिच्यापुढे आला. तो तिने बराच वेळ पाहिला.

"हिच्या घरी पावने बसले असतीन," ती म्हणाली. "लय दुख हाये बिचारीले."

मी ते इंग्रजीत सांगितले. मार्गारेटने उत्तर चूक धरले. परतताना मोटारीत म्हणाली, या बायका मुलांचे दुःख लवकर विसरतात. मी रीत समजावली, तर म्हणे, चेहरा मी स्वतः पाहिला. कारंजापर्यंत आम्ही बोललो नाही, पुढेही फारसे कधी नाही.

दिवाळीनंतर मी एकटी गेले. दार लोटून अनुसयेला जवळ घेतले, म्हटले, आता रड.

ती माझ्याकडे पाहून हसली. "आता कायले, अक्का? तवा आलं होतं, गिळून टाकलं." आणि चहा ठेवायला उठली.

मी घरी आले त्याला बरेच दिवस झाले. त्या बाजूला अवश्य जा; रस्ता आता बरा आहे, माणसे मायाळू आहेत. पण कुणाच्या दुःखाला भेटायला जाणार असाल, तर एकटेच जा, आणि पहिल्याच खेपेला.