कर्ता अज्ञात

थेल्मा ऑर्मरॉडच्या आजवर नऊ रेकॉर्डी निघाल्या. पण पहिली तिनं हातची कशी घालवली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी मेबल, इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या या पबची मालकीण.

आमच्या माडीवर दर गुरुवारी लोकगीतांचा क्लब भरायचा. त्यांचं भारी सोवळं! गाणं जुनंच हवं, कुणी रचलं ते ठाऊक नसलेलं. जिवंत माणसाचं चालायचं नाही. म्हणजे आधी मरा, मग गा! काय बाई एकेक!

थेल्मा कापडगिरणीत मागावर होती, गिटार आपली आपण शिकलेली. मागावरच्या बायकांवर तिनं गाणं रचलं आणि माडीवर खुशाल सांगितलं, "आजीकडून ऐकलंय." क्लबचे अध्यक्ष हॉलरॉइडमास्तर गहिवरले. "दोनशे वर्षं जुनं!" म्हणत त्यांनी ते वहीत उतरवलं, गावोगाव त्यावर भाषणं झोडली. आम्ही दोघी खाली पोट धरून हसलो.

पुढे थेल्मानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, ड्रमवाला गाठला, खटारा व्हॅनमधून गावं पालथी घातली. मग लंडनहून रेकॉर्डवाला आला. त्याला नेमकं तेच गाणं हवं होतं. रेकॉर्डवर छापणार होता, 'पारंपरिक, कर्ता अज्ञात'.

"गप्प बस," मी म्हटलं. "खरं बोललीस तर रेकॉर्डही जाईल आणि माडीही."

"जाऊ दे गेली तर."

गुरुवारी भरल्या माडीवर, रेकॉर्डवाल्यादेखत, ती उभी राहिली. "मास्तर, मी खोटं बोलले. गाणं माझं आहे. गिरणीच्या संडासात बसून लिहिलंय."

मास्तर लालबुंद! "अशक्य! ही भाषाच दोनशे वर्षांपूर्वीची आहे!"

"आमच्या घरी आजही तीच बोलतात. चहाला या एकदा."

लोक खो खो हसले. मास्तरांनी तिला दार दाखवलं. भानगडीचं गाणं नको, म्हणत रेकॉर्डवाल्यानंही टोपी उचलली.

माझं डोकंच सणकलं. गुरुवारची माडी त्यांची असेल, खालचा बार माझा होता! "ये गं खाली!" मी ओरडले आणि तिची गिटार माझ्या प्लगात जोडली. निम्मी माडी मागोमाग उतरली. मास्तर जिन्यातूनच म्हणाले, "अगं, अज्ञात असणं हीच या गाण्यांची शान आहे."

"अज्ञात म्हणजे कोण, सांगू?" थेल्मा कडाडली. "माझ्या आजीसारख्या बायका! गाणी त्यांनी केली, नाव कुणी विचारलं नाही. मला विचारा!"

मास्तर पाठ फिरवून जिना चढू लागले. मग मीच, तिला पाळण्यात पाहिलेली, घसा फोडून ओरडले, "नाव काय गं तुझं?"

"थेल्मा ऑर्मरॉड!" ती म्हणाली, आणि गिटारीचा आवाज होता तेवढा वाढवला.