कोंडीरामच्या खिडकीची चौथी बाजू

भीमरावकाकांची नक्कल करणं अवघड होतं, कारण माणूस बोलतच नसे. काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या बारीक पिना असतात, त्या ते कामाच्या वेळी ओठांत धरत. काही विचारलं की नुसतं "हं". पुन्हा विचारलं की "हं हं", म्हणजे नाही. एवढ्या मालावर कोण काय नक्कल करणार?

बाकी घरात माल भरपूर. बाबा तेव्हा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. संध्याकाळी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत अमेरिकेशी बोलायचे, "येस येस, वी आर अ‍ॅब्सोल्यूटली ऑन ट्रॅक," आणि फोन ठेवल्या ठेवल्या मराठीत, "सगळी बोंब आहे." हे मी जेवताना करून दाखवायचे. आईला ठसका लागायचा. बाबा म्हणायचे, "अक्षता, दहावी आहे तुझी."

भांडारकर रस्त्याच्या आतल्या गल्लीतला आत्याआजीचा बंगला आमच्याकडे आला होता. दगडी, बैठा, वर एकच मजला. खिडक्या लोखंडी. बोटाएवढ्या बारीक पट्ट्यांच्या चौकटी, पितळी मुठी, आणि उघडं तावदान हवं तिथे अडकवायला भोकांची पट्टी. काचा इतक्या जुन्या की त्यांतून अंगणातला आंबा पाण्यात उभा असल्यासारखा हलायचा. पण गंज फुगून काचा तडकत होत्या. लावलेली खिडकी उघडत नव्हती, उघडलेली लागत नव्हती.

बाबांनी स्लायडिंगवाला आणला. "मॅडम, थ्री ट्रॅक टाकून घ्या. विथ जाळी. व्हाइट पावडर कोटिंग. एकदम नवीन लुक."

"छान, पॅथॉलॉजी लॅब दिसेल," आई म्हणाली. "आणि फाटकावर पाटी लावू. 'येथे रक्त तपासून मिळणार नाही.'"

स्लायडिंगवाला गेला तो गेलाच. मग कुणीतरी विश्रांतवाडीच्या भीमरावांचं नाव सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत माणूस. आला तो चहासुद्धा न घेता पहिल्या खिडकीपाशी गेला आणि पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"ताई, ह्या खिडकीचं रूप ह्या बारीक रेघेत आहे," तो म्हणाला. पिना अजून खिशात होत्या. "ही जाड झाली की घराच्या पापण्या सुजल्यासारख्या दिसतात. मी जस्त चढवलेल्या लोखंडात हीच रेघ काढून देतो. मुठी तुमच्याच, धडक्या काचाही तुमच्याच. नवं आहे हे फक्त तुम्हाला कळेल."

आणि तसंच होत गेलं. नव्या खिडक्या बसत होत्या आणि बंगला ओळखू येत होता. जुन्या चौकटी ग्राईंडरने कापून भंगारात जात होत्या. काकांचं काम सुरीसारखं साफ. पुट्टी भरायची, पातळ लोखंडी पत्री फिरवायची, एक सरळ उतार. बोट कुठेही लागलेलं दिसायचं नाही.

मग जिन्यातल्या खिडकीची पाळी आली.

जिना अर्ध्यावर वळतो तिथे ती उंच, न उघडणारी खिडकी होती. काकांनी ग्राईंडरची वायर लावली, खिडकीजवळ वाकले, आणि वायर काढून ठेवली. पिनाही काढल्या. मी वरच्या पायरीवर इतिहास घेऊन बसले होते.

"अक्षताताई, इकडे ये. हे बघ."

काचेच्या तीन बाजूंना पुट्टीवर अंगठे उमटले होते. एकाशेजारी एक, दगडासारखे वाळलेले. आणि प्रत्येक ठशात एक तिरपी रेघ.

"अंगठ्याला काच लागली होती," काका म्हणाले. "टाके न घालता तशीच जुळून आली. आई सांगते मला." आणि मग, खिडकीकडेच बघत, "हे माझ्या वडिलांचं काम आहे. कोंडीराम. ते पत्री वापरायचे नाहीत, शेवटचा हात अंगठ्याने. छप्पन्नच्या दीक्षेच्या आदल्या वर्षी गेले. मी पाच-सहा वर्षांचा. ह्या भागात एका बंगल्याच्या खिडक्या बसवत होते, ताप घेऊन घरी आले, परत गेले नाहीत. कुठला बंगला ते आईला माहीत नव्हतं."

"तुम्हाला आठवतात?"

"नाही. फोटोपण नाही." त्यांनी आपला अंगठा एका ठशाजवळ नेला, लावला मात्र नाही. "एवढेच आहेत ते."

खालची, चौथी बाजू मात्र गुळगुळीत होती. दुसऱ्याच कुणीतरी पत्रीने उरकलेली.

बाबा आल्यावर काकांनी त्यांना सांगितलं. ग्राईंडर लावला की जुनी पुट्टी हादरून भुगा होणार. खिडकी अखंड बाहेर काढायची तर छिन्नीने भिंत सोडवत जावं लागेल. वेळ लागेल. नवी खिडकी ते ठरल्याप्रमाणे बसवतीलच, फक्त ही जुनी अख्खी घरी न्यायची आहे.

"भीमराव, आय अंडरस्टँड," बाबा म्हणाले. बाबा असं म्हणतात तेव्हा त्यांना काही समजलेलं नसतं. "पण रविवारी वास्तुशांत आहे. लोक जिन्याने वर जाणार. शनिवारी सकाळपर्यंत निघाली तर निघाली, नाहीतर ग्राईंडर."

"हं," काका म्हणाले.

त्यांनी छिन्नी घेतली. चारी बाजूंचा चुना सोडवला, भिंतीत रुतलेले लोखंडी पंजे एकेक मोकळे केले. चौकट आणि भिंत यांच्यातून आता अंगणातला उजेड दिसत होता. सगळीकडून. खिडकीला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं.

आणि खिडकी हलेना.

काकांनी खांदा लावला. बाबांनी लावला. पहारीने अलगद उचलून पाहिली. हवेत टांगल्यासारखी ती जागच्या जागी. बाबा उजेडाच्या फटीत बोट घालून सगळीकडून फिरले आणि म्हणाले, "मेकॅनिकली धिस इज नॉट पॉसिबल." मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

त्याच दिवसांत मला काकांचा आवाज सापडला. दुपारी मी खोलीत असायचे आणि जिन्यातून ऐकू यायचं. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, काचेला समजावल्यासारखा आवाज. "बस. बस आता. हलू नको." आणि शेवटी जिभेने टाळूवर एक 'टक्'. म्हटलं, चला, माणूस बोलतो तर! एकटा असला की बोलतो. मी दाराला कान लावून तो घोटला. घोगरेपणा घशात कुठे बसवायचा ते शोधलं. 'टक्' आधी थोडं थांबायचं असतं हेही कळलं. इतकी चांगली नक्कल मी कुणाची केली नव्हती.

शुक्रवारी काका आपल्या आईला घेऊन आले. उद्या भुगा होणार असेल तर आज तिने बघून घ्यावं म्हणून. चंद्रभागाआजी ठेंगणी, पांढऱ्या स्वच्छ साडीतली. पायऱ्या हात टेकत चढली. खिडकीपाशी उभी राहिली आणि तिने ठशांवरून हात फिरवला नाही, काही नाही. नुसती बघत राहिली. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

मला अशी शांतता सहन होत नाही.

"आजी, काकांची गंमत दाखवू? ते काम करताना कसे बोलतात?" आणि मी केली. "बस. बस आता. हलू नको." थांबले. 'टक्'.

काका हसले. "मी? मी कुठे बोलतो असं?"

"दुपारी रोज बोलता की! जिन्यात."

"दुपारी मी मागच्या अंगणात नव्या चौकटी घासतो, ताई."

आई म्हणाली, "अगं, त्यांच्या तोंडात पिना असतात." हे तिने नेहमीच्या तिरकस आवाजात सुरू केलं, पण शेवटचा शब्द कसातरीच आला.

चंद्रभागाआजीने डोक्यावर पदर घेतला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, खिडकीच्या खालच्या कडेकडे बघत होती.

"अवो," ती म्हणाली, रोजच्यासारखं, भाजी चिरता चिरता विचारावं तसं. "झालं का न्हाई अजून? चला की घरला."

तांब्यातलं पाणी हिंदकळून आईच्या पायावर पडलं. दुसरं काही झालं नाही.

मग आजी काकांकडे वळली. "भीमा, एक बाजू ऱ्हायलीया. तवर ते तिला हलू देत्यात व्हय? अर्धं काम टाकून येनारा मानूस न्हवं त्यो."

काकांनी चौथ्या बाजूची गुळगुळीत पुट्टी खरवडून काढली. जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून नवी केली. पत्री खिशातच राहिली. मी पहिल्यांदा त्यांना अंगठ्याने काम करताना पाहिलं. अवघडत होते. ठसा कधी खोल जायचा, कधी उथळ. आजी पायरीवर बसून सांगत होती, "दाबू नको एवढं. नुसतं टेकव." उजव्या कोपऱ्याशी आल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तेवढं त्यांचं त्यांना करू दे."

कोपऱ्यात पुट्टीचा गोळा तसाच ठेवला. दोघं गेली. त्या संध्याकाळी बाबा व्हरांड्यात बोलत होते, पण "ऑन ट्रॅक" म्हणाले नाहीत. वर जाताना आम्ही तिघंही जिन्याच्या कठड्याला धरून, खिडकीपासून लांबून गेलो.

शनिवारी सकाळी काका आले तेव्हा आम्ही खालीच थांबलो होतो. वर आधी तेच गेले. मग त्यांनी हाक मारली नाही म्हणून आम्ही गेलो.

कोपरा भरला होता. काकांचे ठसे सगळे कोरे होते. शेवटच्या ठशात तिरपी रेघ होती, आणि पुट्टी अजून ओली होती.

काकांनी चौकटीला फक्त हात लावला. ती सुटून त्यांच्या अंगावर आली, झोपलेलं मूल उचलावं तशी. एकही ठसा हलला नाही.

दुपारपर्यंत नवी खिडकी बसली. तीच रेघ, तीच उंची. लांबून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणार नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी जुनी खिडकी टेम्पोत गादीवर उभी ठेवली आणि स्वतः मागे चढून तिला दोन्ही हातांनी धरून बसले. घाईत पिना तशाच ओठांत.

"काका, पिना!" मी ओरडले.

"हं हं," काका म्हणाले.

चंद्रभागाआजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो निघाला. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे तो उडाला. काच खणखणली. काकांचे ओठ घट्ट मिटलेले मला फाटकातून स्पष्ट दिसत होते, पिनांची टोकं उन्हात चमकत होती.

"बस. बस आता. हलू नको." आणि जरा थांबून, 'टक्'.

केबिनच्या मागच्या काचेतून आजीचा पदर दिसला. ती ड्रायव्हरकडे सरकली आणि तिने शेजारी जागा केली.