तीनशे बारा वाढली

बळीराम घरत यांच्या घरात दिवा विझत नाही, शांत होतो. तांदूळ संपत नाहीत, डबा भरायला येतो. भामाकाकूंच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते, आणि देवापुढचा नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. आता एवढं आपण सगळेच पाळतो. फरक इतकाच, की आपण नारळापाशी थांबतो आणि बळीरामभाऊ थांबत नाहीत. त्यांच्या मोबाइलची बॅटरी आजवर संपलेली नाही; फोन जरा निजला होता, असं ते सांगतात. एकदा आमच्या कचेरीची जीप पळस्प्याच्या नाक्यावर बंद पडली, तेव्हा त्यांनी मला कळवलं की गाडी विसाव्याला बसली आहे. चहाला थांबले असतील, असं मी समजलो. गिअरबॉक्स गेल्याचं दोन तासांनी कळलं.

अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम. वय सहासष्ट, अंग काटक, टोपी पांढरी आणि नेम पक्का. या नेमापायी एक अख्खी टेकडी जायची वेळ आली होती.

कोनशेत हे त्यांचं गाव पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, आत आहे. गावाची भातशेती कुठे रस्त्याखाली, कुठे गोदामांखाली गेली. उरली ती गावामागची टेकडी, सगळ्या गावकीच्या मालकीची. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी व्हायची, मग नुसतं गवत, आणि शेवटी उघडा मुरूम. मुरमाला मात्र पनवेलात मान आहे. नव्या इमारतींच्या भरावाला तो लागतो, आणि बळीरामभाऊंचा सख्खा पुतण्या धनेश याचे सहा डंपर आहेत. धनेश मुलगा वाईट नाही. हसरा, दिलदार, लग्नात सगळ्यांत आधी नाचायला उतरणारा. टेकडीकडे पाहिलं की ती त्याला डंपरमध्ये भरलेली दिसायची, एवढंच.

त्याच सुमारास आमची संस्था तिथे पोचली. पनवेलच्या बाजारात एका जिन्यावर आमची कचेरी आहे. पडीक जमिनीवर झाडं लावायची, ती हवेतला कार्बन किती शोषतात ते मोजून घ्यायचं, त्याचं क्रेडिट धूर सोडणाऱ्या कारखान्यांना विकायचं आणि त्यातला वाटा गावाला द्यायचा, असा आमचा उद्योग. मी तिथली कागदपत्रं सांभाळतो. बी.कॉम. झालेल्या माझ्यासारख्याला कार्बन म्हणजे दोन कागदांमध्ये घालायचा निळा कागद, एवढीच ओळख. त्यामुळे गावकीच्या बैठकीत मी अर्धा तास जे समजावलं ते कुणालाच समजलं नाही. शेवटी बळीरामभाऊ उठले.

"तिकडं कुनीतरी धूर सोडतंय," ते म्हणाले. "आपली झाडं तो खातील. खाल्ल्याचा मेहनताना गावाला. डोंगर हाय तिथंच ऱ्हातो."

झाडं धूर खात असतील तर माझ्या डंपरच्या मागे दोन बांधून घेतो, असं धनेश म्हणाला आणि बैठक हसली. पण गावकीनं जे ठरवलं ते विचार करून ठरवलं. टेकडीवर सोळाशे झाडं लावा. तिसऱ्या वर्षी बाहेरचा तपासनीस येईल. शंभरातली ऐंशी उभी असली तर टेकडी वीस वर्षं झाडांची. नसली तर धनेशची. राखणदार म्हणून बळीरामभाऊंनी गावासमोर शब्द दिला. जुलैत पहिल्या खड्ड्यापाशी त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाले, "साहेब, वाढवा." मी वाढवला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं त्याला माझ्यापाशी कसलीही सबब नाही.

राखण त्यांनी मन लावून केली. उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून पाणी वर नेलं, गवत कापून टेकडीभोवती वणवा अडवायला मोकळा पट्टा ठेवला. अडचण फक्त बकऱ्यांची होती. कुणालाही 'जा' म्हणायचं नाही, 'या' म्हणायचं, असाही त्यांचा एक नेम. त्यामुळे काठी उगारून ते बकऱ्यांना "या आता, या" म्हणत, आणि बकऱ्या येत. मग भामाकाकू पदर खोचून वर जात आणि बकऱ्यांना समजेल अशा भाषेत बोलत. काकूंचा असा कुठलाही नेम नाही.

रोपांची नोंद ठेवायला संस्थेनं वही दिली होती. प्रत्येक रोपाला एक ओळ: नंबर, जात, उंची आणि शेवटी शेरा. दर तीन महिन्यांनी बळीरामभाऊ टेकडी पालथी घालून सोळाशे ओळी भरत. अक्षर टपोरं, खाडाखोड नाही. शेऱ्याच्या खान्यात ते एक तर 'आहे' लिहीत, नाही तर 'वाढला'. शिवण असेल तर 'वाढली', जांभूळ असेल तर 'वाढलं'. व्याकरण कधी चुकलं नाही.

ही वही कचेरीत स्नेहलकडे यायची. स्नेहल पर्यावरणाची पदवीधर, कामाला चोख. तिच्या संगणकावरच्या तक्त्यात तीन खाने होते: जिवंत, उत्तम वाढ, मृत. 'आहे' असेल ते रोप तिनं जिवंत धरलं. 'वाढला' असेल ते अर्थातच उत्तम वाढीत घातलं. त्या ओळींमध्ये उंचीच्या जागी नुसती रेघ होती. काकांची मोजकाठी तिथवर पुरत नसावी, असा तिनं तर्क केला आणि मला तो पटला. मृतांचा खाना रिकामा राहिला. तिन्ही खान्यांची बेरीज बरोबर सोळाशे येत होती. बेरीज जुळली की माझं मन शांत होतं, ही माझी जुनी खोड. अहवालावर मी सही केली: सगळी रोपं जिवंत, पैकी तीनशे बारा उत्तम वाढीची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. संस्थेनं सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत बळीरामभाऊंचा सत्कार ठेवला. मी भाषण केलं. तीनशे बारा झाडं अशी वाढवणारा राखणदार रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी म्हणालो. बळीरामभाऊंनी मान खाली घालून शाल घेतली आणि लाडू तसाच ठेवला. हा विनय आहे, असं मला वाटलं. ते घरी जाऊन काकूंना काय म्हणाले, हे मला नंतर कळलं. एवढी वाढली, तरी शाल देतात, कसली मोठ्या मनाची माणसं, असं ते म्हणाले होते म्हणे.

फेब्रुवारीत पुण्याहून तपासनीस आले. विश्वजीत त्यांचं नाव. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. जीपमधून उतरतानाच ते मला म्हणाले की शंभर टक्के रोपं जगलेली त्यांनी अजून कुठेच पाहिलेली नाहीत, तेव्हा ते उत्तम वाढीचीच आधी बघतील. गंमत बघायला धनेशही आला होता. टेकडीवरचा मुरूम तो चपलेनं सहज उकरून बघत होता.

विश्वजीत यांनी एकशे अठरा नंबर विचारला. बळीरामभाऊंनी न चुकता आम्हाला तिथे नेलं, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "हा वाढला."

समोर एक खड्डा होता आणि खड्ड्यात बोटाएवढी वाळकी काडी.

विश्वजीत यांनी काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोनशे सात नंबर विचारला. तिथेही टोपी उतरली, तिथेही काडी. तिसऱ्या ठिकाणी तर काडीही नव्हती. तिथे आमच्याबरोबर आलेल्या स्नेहलचा चेहरा उतरला. तिनं हळूच विचारलं, "काका, वाढला म्हणजे?"

"म्हंजे नारलासारखा," बळीरामभाऊ म्हणाले. एवढं शिकलेल्या मुलीला हे सांगावं लागतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

धनेश खाली बसून हसला. मी कुठे पाहत होतो ते आठवत नाही. विश्वजीत हसले नाहीत. सहीचा अहवाल खोटा आहे आणि खोट्या अहवालाची जमीन यादीतून वगळावी लागते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. चूक कचेरीची आहे, राखणदाराची नाही, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. नारळ मीच वाढवला होता, तेही सांगितलं. त्यांनी बराच वेळ वही चाळली. मग म्हणाले की अहवाल बाजूला ठेवू. ही वही खरी निघाली तर वहीवर जाऊ.

पुढचे दोन दिवस आम्ही सोळाशे खड्डे फिरलो. 'आहे' लिहिलेलं प्रत्येक रोप होतं. 'वाढला' लिहिलेलं प्रत्येक वाढलेलंच होतं, अपवाद एकाचा. सातशे चार नंबरची शिवण वरून वाळली होती, पण बुंध्यापाशी तिला दोन हिरवे कोंब फुटले होते. ती दोन्ही अर्थांनी वाढली, म्हणून स्नेहल फोटो काढत बसली. बळीरामभाऊ मात्र खजील झाले. जितीजागती शिवण आपण उगाच वाढवली, म्हणून त्यांनी तिथेच स्वतःचा कान धरला. गेलेली तीनशे अकरा, उभी बाराशे एकोणनव्वद. ऐंशी टक्क्यांना बाराशे ऐंशी पुरत होती. टेकडी नऊ झाडांनी वाचत होती.

कागद तेवढा उरला होता. गावकीसमोर, देवळाच्या ओट्यावर, राखणदारानं स्वतःच्या तोंडानं आकडे सांगायचे, विश्वजीत यांनी ते लिहायचे आणि खाली सह्या व्हायच्या. वहीवरून इतका घोटाळा झाल्यावर विश्वजीत शब्दावर अडून बसले, यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्या छापील कागदावर 'मृत' असा खाना होता. 'वाढलेली' असा नव्हता.

उभी किती, ते बळीरामभाऊंनी खणखणीत सांगितलं. मग विश्वजीत यांनी दुसरा खाना विचारला.

"तीनशे अकरा," बळीरामभाऊ म्हणाले, आणि थांबले.

"तीनशे अकरा काय?"

"शांत झाली."

विश्वजीत यांनी मान हलवली. मग निजली झालं, देवाघरी पोचली झालं, मातीला मिळाली झालं. दर वेळी पेन कागदाजवळ जाऊन परत येत होतं. गावकी अवघडून बसली होती. ज्या माणसानं स्वतःच्या आईच्या दिवसांतही तो शब्द काढला नव्हता, त्याला तो कसा म्हणायला लावायचा, हे कुणाला सुचेना.

"काका, एकच शब्द हाय," धनेश मागून म्हणाला. "नसंल जमत तर ऱ्हाऊ दे. माजे डंपर खालीच हायत."

तेव्हा बायकांमध्ये बसलेल्या भामाकाकू उठल्या. नवऱ्याशी त्या चारचौघांत सहसा बोलत नाहीत.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमी नाय बोललात, तर सगला डोंगर वाढंल."

बळीरामभाऊंनी एकदा टेकडीकडे पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मेली," ते म्हणाले. "तीनशे अकरा मेली."

आवाज इतका बारीक होता, की विश्वजीत यांनी पुन्हा विचारलं असतं तर कठीण होतं. त्यांनी विचारलं नाही. लिहून घेतलं. सह्या झाल्या. सगळ्यांत शेवटी गावकीचा सभासद म्हणून धनेशची झाली. सही करताना तो म्हणाला की काकाचं आता तोंड उघडलंय, तर बंद पडलेल्या फोनलाही एकदा बंद पडला म्हणू दे.

"निजलाय," बळीरामभाऊ म्हणाले, आणि देवीसमोर दिवा लावायला आत निघून गेले.

टेकडी आता वीस वर्षं झाडांची आहे. पहिल्या क्रेडिटच्या वाट्यातून गावात पाण्याची टाकी बांधायचं ठरलंय. विश्वजीत यांनी जाताना वहीची एक प्रत मागून नेली. स्नेहलनं संगणकात चौथा खाना उघडलाय. त्याचं नाव 'वाढली (कोनशेत)'. असे तिच्याकडे आता बावीस गावांचे तक्ते आहेत, पण हा खाना एकाच गावाला आहे. त्या रिकाम्या खड्ड्यांतून बळीरामभाऊ आणि काकूंनी करंजाची नवी रोपं लावली. वाढलेल्या बांगडीच्या जागी लगेच दुसरी भरतात, हात मोकळा ठेवत नाहीत, तसं हे आहे, असं ते म्हणतात. मी या वेळी अर्थ विचारून घेतला.

परवा त्यांचा फोन आला. निरोप स्नेहलनं घेतला आणि तोंडावर हात ठेवून माझ्यापर्यंत पोचवला. मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. तो शब्दही त्यांना बरा वाटला नसावा.

"साहेब मार्चमदी वाढनार," असा निरोप होता, "तर त्याच्या आदी एकदा जोडीनं जेवायला या."