नऊ नंबरचं ठिगळ

ऑफिसात त्याला सगळे पाताळराव म्हणत. बसायचा तळघरात, बोलायचा जमिनीखालच्या तेलाबद्दल, आणि जिना चढून वर आला की उजेडाने डोळे किलकिले करायचा. दुसरं नाव शोभलंच नसतं.

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये अख्खं तेलक्षेत्र होतं. जमिनीखालचा दगड लाखो ठोकळ्यांत कापलेला आणि त्यातून खाली गेलेल्या तेलविहिरी. कुठल्या विहिरीच्या पाइपाला कुठल्या ठोकळ्यात भोकं आहेत ते पाताळरावाने सांगायचं, मग तेल किती येईल ते सॉफ्टवेअरने. हा हिशेब विहिरींच्या मागच्या उत्पादनाशी जुळला, तरच पुढच्या अंदाजावर कंपनी विश्वास टाकायची.

एवढ्या विहिरी हाताखालून गेल्या, पण खरी एकही पाहिलेली नाही. नोकरीला लागताना मिळालेले साइटचे बूट घरी कपाटावर पडून होते. बायको दर वर्षी त्यांना ऊन दाखवायची. "तुम्ही नाही तर नाही, बुटांना तरी बाहेरचं जग बघू दे," म्हणायची.

साइटवर बदलीचा अर्जही दर वर्षी व्हायचा. साहेब खांद्यावर हात ठेवायचे. "अरे, तू गेलास तर मॉडेल कोण बघणार? दुसऱ्या कुणाच्या हाताला लागतच नाही ते!" स्तुती अशी, की माणसाला खुर्चीतून उठताच येऊ नये. पण पंचेचाळिशी उलटलेल्याला साइटवर पाठवत नसत, आणि पाताळरावाची पंचेचाळिशी दाराशी येऊन ठेपली होती. यंदा तो हटूनच बसला.

"बरं बाबा," साहेब म्हणाले. "नव्या मॅडमना मॉडेल शिकव. त्यांनी 'समजलं' म्हणून सही केली, की सुटलास."

नव्या मॅडम हुशार होत्या. तीच पंचाईत झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"सर, नऊ नंबरच्या विहिरीला हा चाळीसचा गुणक कशाला?"

"असू दे तो. तात्पुरता आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही शाळेत असाल तेव्हापासून."

खरी नऊ नंबर धो धो वाहायची, मॉडेलमधली मात्र जेमतेम ठिबकायची. तरुणपणी वैतागून त्याने तिची वाट चाळीस पट मोकळी करून टाकली. आकडे जुळले, साहेब खूश झाले, ठिगळ राहून गेलं.

"मी काढून बघितला. विहीर मेली."

"म्हणूनच काढू नका. सही करा, चहा पाजतो."

"समजल्याशिवाय 'समजलं' कसं लिहू, सर?"

झालं. पाताळरावाला नऊ नंबरच्या मागे लागावं लागलं. दोघांनी दगड तपासला, दाब तपासला, हाती काही लागेना. शेवटी मॅडमनी अगदी बाळबोध प्रश्न विचारला, "ही खोली मोजलीय कुठून?"

विहीर खणताना खोली रिगच्या, खणायच्या यंत्राच्या, मचाणावरून मोजतात, म्हणजे जमिनीच्या दोनेक मजले वरून. मॉडेलमध्ये भरताना तेवढी उंची वजा करायची असते. खणणाऱ्यांनी ती वजा करूनच आकडे पाठवले होते. पाताळरावाने इमानदारीत पुन्हा एकदा वजा केली होती. इतकी वर्षं बिचारी नऊ नंबर दोन मजले वरच्या घट्ट दगडात तोंड खुपसून तेल मागत होती!

भोकं खाली सरकवली, गुणक काढला, हिशेबाचा नवा रन लावला. मॉडेलची रेघ खऱ्या उत्पादनावर अलगद बसली. मॅडमनी तिथल्या तिथे सही केली. पाताळराव नाचलाच असता, पण तळघराचं छत फार खाली होतं.

घरी बायकोने बूट उतरवून पुसले. त्याने घालून पाहिले. बोटं आखडली.

"चालून चालून होतील सैल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून तो मॅडमसोबत साहेबांसमोर उभा राहिला.

"कमाल केलीस! बरं, त्याच रिगने खणलेल्या बाकीच्या विहिरी?"

पाताळराव बुटांकडे बघत राहिला. तीच वजाबाकी, त्याच्याच हातची.

"म्हणजे अख्खं मॉडेल नव्याने जुळवायचं. आणि कुठे कुठे ठिगळं मारलीयेस, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

"साहेब, पण सही..."

"झाली ना! म्हणून तर साइटवर त्यांना पाठवतोय. तिथे एकेक उंची तपासायला असंच चौकस माणूस हवं."

बाहेर आल्यावर मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "सर, मी नाही म्हणून सांगते."

"तुम्ही नाही म्हटलंत तरी मी इथेच. निघा तुम्ही." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "एक कराल? वाहत्या विहिरीचा आवाज येतो का, तेवढं कळवा."

बायकोने बूट पुन्हा कपाटावर ठेवले. ऊन दाखवायचं यंदा विसरली, की विसरल्यासारखं केलं, ते त्याने विचारलं नाही.

तळघरात मोबाइल लागत नसे. महिन्याभराने एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"सर, नऊ नंबरपाशी उभी आहे! फोन पाइपाला लावते, ऐका हं!"

त्याने रिसीव्हर कानात घुसेल इतका दाबला. मशिनांचे पंखे घरघरत होते. मशीन बंद करावं, तर तीन दिवसांचा रन पहिल्यापासून. तो दाराकडे सरकला, वायर ताणली गेली, फोन टेबलाच्या कडेला आला. उंबऱ्याच्या अलीकडेच वायर संपली. एक बोट दुसऱ्या कानात घातलं, तरी घरघर ती घरघरच. विहिरीची की पंख्यांची, कोण सांगणार?

"आला ऐकू?"

"आला तर!"

"कसा वाटला?"

"अगदी... जसा वाटला होता तसाच," पाताळराव म्हणाला. फोन जागेवर ठेवून तो वळला, तेवढ्यात स्क्रीनवर ठिगळ काढलेली बारा नंबरची विहीर बंद पडली.